जिवंत राहायची परवानगी

सेवादास राठोड त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात मेला. त्यानंतर जवळपास चार वर्षं तो दर बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन चहा पीत असे. हे मी नशापाणी करून सांगत नाही. मी गुलाम नबी, दारव्ह्याचा भोंगेवाला. नमाज कधी चुकते, पण डोकं ठिकाणावर आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवर उभं करत नाही.

भोंगा, अँप्लिफायर, मोटारीची बॅटरी आणि दोन माईक, एवढ्या भांडवलावर मी लग्नं वाजवली, उरूस गाजवले आणि पुढाऱ्यांना पुढारी केलं. भोंगेवाल्याला पक्ष नसतो. सकाळी एकाचा जयजयकार, संध्याकाळी त्याच भोंग्यातून दुसऱ्याचा. मध्ये फक्त माईक फडक्यानं पुसून घ्यायचा. पुढाऱ्यांचं खोटं मी इतक्या जवळून ऐकलं आहे की त्याच्या वासावरून मी पक्ष सांगू शकतो. सेवादास मात्र खोटं बोलत नसे. मला तो आवडायचा, आणि त्याच्या ह्याच गुणाचा मला भयंकर रागही यायचा.

तो साखरडोहच्या तांड्याचा. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. ह्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरले, आणि आता त्यांची नातवंडं कापूस-ज्वारी पेरून एका जागी बसली आहेत. सेवादास सातवी शिकला, मग नागपुरात एका वकिलाकडे दोन-तीन वर्षं राहिला. तिथून परत आला तो डोक्यात एकच खिळा ठोकून घेऊन. माणसाला माणसानं हुकूम करू नये. बस, एवढंच. सरकारनं करू नये, सावकारानं करू नये, कोणीच करू नये.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. झोपलो तेव्हा राजधानी नागपूर, उठलो तेव्हा मुंबई. त्या आठवड्याच्या बाजारात सेवादासनं माझ्याकडून माईक मागून घेतला आणि कापसाच्या गाडीवर चढून म्हणाला, “बाप्पाहो, बैल इकताना बी आपण बैलाचे दात पाह्यतो, शिंगं पाह्यतो. तुमाले एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हाकललं, तुमचं तोंड तरी कोणी पाह्यलं का?” लोक खूप हसले. हसणाऱ्याला वाटतं आपल्याला समजलं, आणि मग तो विचार करायचं सोडून देतो. पण त्या दिवसापासून सेवादासचं नाव झालं.

मग सरकारी शिपाई नाक्यावर धान्याच्या गाड्या अडवू लागले तेव्हा तो गाड्यांच्या पुढे चालला. “माह्या आज्याच्या बैलानं कोणत्याच राजाले इचारलं नाही,” असं म्हणत तो नाक्याचा बांबू स्वतःच्या हातानं वर करी आणि अटक करून घेई. दारूबंदी आली, तेव्हा तांड्यावर मोहाची दारू पकडायला शिपाई येऊ लागले. सेवादास स्वतः दारूचा थेंब घेत नसे, पण पिणाऱ्यांच्या बाजूनं यवतमाळच्या कोर्टात उभा राहायचा. सामुदायिक शेतीचा बोलबाला झाला तेव्हा नागपूरचे मोठे लोक त्याला मोटारीतून घेऊन गेले. विरोध करायला त्यांना असाच माणूस हवा होता. तिथं त्यानं भर सभेत सांगितलं, “सरकारनं तुमची जमीन घेऊ नये हे खरंच. पण तुमच्या सालदाराले बी साल मोडून जाता आलं पाह्यजे, त्याले कोणी बांधून ठेवू नये.” परत येताना मोटार नव्हती. तो मालगाडीच्या डब्यात बसून आला. बासष्ट साली अपक्ष उभा राहिला आणि अनामत घालवून बसला. त्या पराभवाच्या दिवशीही त्यानं मला विचारलं, “गुलामभाई, माह्या बोलण्यात कुठं खोट होती का?” मी म्हणालो, खोट नव्हती म्हणूनच पडलास.

तरी तांडा त्याचाच होता. तांड्याचा नायक प्रेमसिंग हा त्याचा लहानपणचा सोबती. दोघं एकाच डोहात पोहायला शिकलेले. सेवादास सरकारला शिव्या घालायचा आणि प्रेमसिंग नायक पुढं बसून मांडीवर थाप मारायचा. वरच्याच्या हातातून सुटायला सगळ्यांनाच आवडतं. आपल्या हातातलं कोणाला सोडायचं असतं?

रूपीबाईचा नवरा साप चावून गेला तेव्हा हे दिसलं. तांड्याच्या रीतीप्रमाणे तिनं धाकट्या दिराच्या घरी बसायचं, म्हणजे त्याची बायको होऊन राहायचं. रूपीबाई म्हणाली, बसणार नाही. नायकानं पंच बोलावले. पंचांनी हुकूम दिला. सेवादास उठला आणि नाक्यावर, कोर्टात, नागपुरात जे बोलला होता तेच शब्द न बदलता बोलला. तिचा देह तिचा, मर्जी तिची, नायकाचा हुकूम कायले? रूपीबाईला त्यानं तिच्या माहेरच्या शेतात झोपडी बांधून दिली आणि आठ दिवस दारात काठी घेऊन बसला. दीर परत गेला. त्या दिवसापर्यंत मांडीवर थाप मारणारा प्रेमसिंग थाप मारायचा थांबला.

ह्या तांड्यात एक जुनी रीत होती. दुसऱ्या तांड्यांत ती मी कधी पाहिली नाही आणि तिथले म्हातारेही तिला नावं ठेवत. नायकाचा हुकूम मोडणाऱ्याचं नुसतं तोंड बघायचं नाही, एवढ्यावर ती थांबत नसे. त्याला मेलेला ठरवायचं. आणि एकदा ठरवलं की पुढचं सगळं अगदी नीट, काही न वगळता करायचं.

मी त्या दिवशी तांड्यावर आदल्या लग्नातली बॅटरी न्यायला गेलो होतो. वैशाखातली भर दुपार. मला वाटलं कोणीतरी गेलं. तिरडीवर गवताचा माणूस होता आणि त्याच्या अंगात सेवादासचं धोतर, सेवादासचा सदरा, डोक्याला सेवादासचा तांबडा फेटा. बायका छाती पिटून रडत होत्या. खोटं रडणं मला कळतं, माझ्या भोंग्यातून रोज जातं. हे खोटं नव्हतं. त्याची बायको धनीबाई हिच्या दंडातले पांढरे चुडे दोन म्हाताऱ्यांनी तेल लावून उतरवले. इतक्या वर्षांत ऊन न लागलेली दंडाची कातडी सोललेल्या फांदीसारखी दिसत होती. आणि नाल्याच्या काठी मोहाच्या झाडाखाली सेवादास उभा राहून हे सगळं बघत होता.

मी धावत त्याच्याजवळ गेलो. “सेवाभाऊ, हे काय चाललं आहे?”

“माही मयत आहे,” तो म्हणाला. आवाजात थट्टा होती, पण ओठ कोरडे होते. “पाहून घेऊ दे ना बाप्पा. किती जणाले पाहाले भेटते?”

प्रेमसिंगनं अग्नी दिला. गवत भसकन पेटलं. फेटा तेवढा बराच वेळ जळाला नाही, मग तोही जळाला. लोक नाल्यात आंघोळ करून परत निघाले ते आमच्या अंगावरून गेले. एक बाई घागर घेऊन येताना सेवादासच्या खांद्याला घासून गेली. ती दचकली नाही, थांबली नाही. फक्त चालता चालता तिनं डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. रिकाम्या विहिरीजवळून जाताना बायका ओढतात, तशी.

सेवादास स्वतःच्या शेतातल्या झोपडीत राहू लागला. मला वाटलं, महिना दोन महिने हे सोंग चालेल. लोकांना किती दिवस न बघितल्यासारखं करता येतं? पण ते सोंग नव्हतं. तांड्यातली कुत्री तुम्हाला माहीत नसतील. मी दहा वर्षं त्या तांड्यावर जातो, तरी माझ्या पायजम्याला धरायला बघतात. सेवादास मधून जायचा तेव्हा ती नुसती पडून राहत. एकही कान उभा होत नसे. माणसांनी ठरवलं हे मी समजू शकतो, पण कुत्र्यांना कोणी सांगितलं?  

धनीबाई रोज दुपारी झोपडीजवळच्या एका दगडावर भाकरी आणि भाजी ठेवून जात असे. मेलेल्या माणसाच्या नावानं घास ठेवायला कोणाची ना असणार? ती दगडाकडे बघायची, त्याच्याकडे नाही. कधी कधी जमनी सोबत असे, त्याची एकुलती लेक, तेव्हा अकरा-बारा वर्षांची. सेवादास दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. “जमने, शाळेत जातं का नाही?” तो विचारायचा. पोरगी आईच्या घागऱ्याला धरून उभी. तिचे डोळे भरायचे, पण ते त्याच्या अंगातून आरपार मागच्या कापसाच्या पऱ्हाटीवर लागलेले असत. ती एक शब्द बोलली असती तर तीही मेली असती, आणि मेलेल्या पोरीला नवरा कोण देणार? हे सेवादासला ठाऊक होतं. म्हणून पुढं पुढं त्यानं विचारणंही बंद केलं.

सगळ्यात वाईट पुढेच झालं. लोक त्याला घाबरू लागले आणि मग त्याला मानू लागले. कोणाचं पोर तापलं की त्याच्या पायवाटेवर लिंबू आणि हळदकुंकू. कोणाची गाय आटली की झोपडीसमोर नारळ. तोंडानं बोलत होता तेव्हा ह्यांच्यापैकी अर्ध्यांनीसुद्धा मत दिलं नव्हतं, आता ते त्याला नवस बोलू लागले. तो रूपीबाईकडे गेला. जिच्यासाठी मेला, ती तरी ओळखेल. “माय, तू तरी बोल माह्यासंगं,” तो म्हणाला. रूपीबाईनं डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि पुटपुटली, “देवा, माही म्हैस गाभण राहू दे.”

हे सांगताना तो माझ्या दुकानात बसला होता. बाहेर उन्हात मी भोंगा ठेवला होता, पत्रा तव्यासारखा तापलेला. सेवादास उठला, बाहेर गेला आणि भोंग्यावर तळहात टेकवून उभा राहिला. मी ओढून आणला तेव्हा हात लाल झाला होता.

“चटका बसला,” तो म्हणाला. “बसला ना रे, गुलामभाई? मी दिसून राह्यलो ना तुले?”

“तू दिसतोस आणि डोकंही खातोस,” मी म्हणालो. मी त्याच्या हाताला खोबरेल तेल लावत होतो. असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे आमच्या कोणत्याच मौलवीनं मला शिकवलं नव्हतं.

सदुसष्टच्या निवडणुकीला त्यानं पुन्हा उभं राहायचं ठरवलं. अर्ज भरायला मी सोबत गेलो. कचेरीतल्या कारकुनानं मतदारयादीत बोट फिरवलं आणि वर बघितलं. माणूस भला होता, चहासुद्धा मागवला त्यानं. सेवादास राठोड, साखरडोह, मयत. चूक कोणाचीच नव्हती. गावच्या कोतवालानं इमानदारीत खबर दिली होती. प्रेत जळताना त्यानं पाहिलं, बायकोचे चुडे उतरताना पाहिलं, तेराव्याला तो स्वतः जेवला. जेवलेलं तेरावं खोटं आहे असं कोणता कोतवाल म्हणेल?

“काही अवघड नाही,” कारकून म्हणाला. “जिवंत आहात असा अर्ज करा. तांड्यातल्या दोन इसमांची साक्ष आणा. साहेबांनी मंजूर केलं की पुन्हा नाव चढेल.”

“आणि मंजूर नाही केलं तं?”

कारकून हसला. सेवादास हसला नाही. “म्हणजे जित्तं राहाले परवानगी मांगू?” त्यानं विचारलं. “तिकडं नायक म्हणते माह्या हातचं पाणी पी, चुकलो म्हण, मंग जित्ता. इकडं तुमी म्हणता अर्ज कर. अरे, मले जन्म देताना माह्या याडीनं कोणाले इचारलं होतं?”

तो उठला. मी त्याच्या मागं धावलो, शिव्या घातल्या, म्हणालो, एक कागद, सेवाभाऊ, एक घोट पाणी, काय जातं? तो रस्त्यावर थांबला आणि मला म्हणाला, “चुकलो म्हटलं का रूपीबाई चुकली. उद्याच दिराच्या घरी नेऊन बसवतीन तिले. माह्या एका घोटात तिचा जीव आहे.”  मग आम्ही चालू लागलो आणि तो एकदम म्हणाला, “मले कोणापासून काहीच नको, भाई. फक्त जमनी लग्न होऊन जाईन त्या दिवशी ते माह्या गळ्यात पडून रडली पाह्यजे. एवढंच.”

बंजाऱ्यांच्या लग्नाला गेला असाल तर हे कळेल. मुलगी सासरी निघताना आपल्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात पडते आणि सुरावर रडते. ढावलो म्हणतात त्याला. माझ्यासाठी बाजारातून काय आणलंत, कधी खांद्यावर घेतलंत, सगळं त्या रडण्यात येतं. ज्या बापाच्या गळ्यात लेक पडली नाही, त्या बापाचा सगळा जन्म लोक फुकट मानतात. सेवादासनं सगळे हुकूम झुगारले होते, पण ही भूक त्याला झुगारता आली नव्हती. आणि हुकूम करून कोणाला रडवता येत नाही, हे तोच तर सांगत आला होता.

त्या चैत्रात प्रेमसिंग नायक माझ्या दुकानात आला. सेवादास बाकावर बसला होता. नायक आत आला आणि सरळ त्याच्यावर बसायला वाकला. सेवादास सरकला म्हणून, नाहीतर मांडीवरच बसला असता.

“नबीमियाँ, भोंगा पाह्यजे,” नायक म्हणाला. “जमनीचं लगन आहे. पोट्टीले बाप नाही, तवा मीच बापाच्या जागी उभा आहो.”

माझं डोकं भडकलं. “तिचा बाप तुमच्या बाजूला बसला आहे, नायक.”

प्रेमसिंगनं बाजूला बघितलं. मी त्याचे डोळे नीट बघत होतो. राग नव्हता, नाटकही नव्हतं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं बाकावरची धूळ झटकली. टॉवेलाचं टोक सेवादासच्या गुडघ्यावर दोनदा बसलं. “कोणीच तं नाही,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, त्या रिकाम्या जागेकडे बघतच, “राह्यते बी कोणी, तं मी म्हणलं असतं, लेकरासाठी पाणी पी रे. माह्यासंगं डोहात पवलेला माणूस होता तो. मले का बरं वाटते का?” त्याचे डोळे भरून आले. मला दोघांचीही मुंडकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

“त्याले सांग, गुलामभाई,” सेवादास म्हणाला, “रूपीबाईले सोडतो म्हण, मंग मी घागर भरून पाणी पितो.”

मी सांगितलं. नायक माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. “तुमची तब्येत बरी नाही दिसत, मियाँ,” तो म्हणाला आणि इसाराचे पैसे ठेवून निघून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला शंका आली. सेवादासबद्दल नाही, माझ्याबद्दल. तो गेल्यावर मी शेजारच्या पानवाल्याला बोलावून बाकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, कोण बसलं आहे? पानवाला म्हणाला, “सेवादास भाऊ. काहून?” मला त्याची पप्पी घ्यावीशी वाटली.

लग्न झालं. निघायची वेळ सकाळची होती, ऊन नुकतं चढायला लागलेलं. माझा भोंगा चिंचेच्या फांदीवर, माईक मांडवाच्या खांबाला बांधलेला. जमनीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं केलं. दोन्ही हात वर करून तिनं तांड्याचा निरोप घेतला, बापाच्या तांड्याचं भलं होवो म्हणाली. मग खाली उतरली आणि एकेकाच्या गळ्यात पडू लागली. आई, मावश्या, चुलते. प्रेमसिंगच्या गळ्यात पडली तेव्हा तो पोरासारखा रडला. नवऱ्याकडची माणसं गाड्या जुंपून उभी होती.

सेवादास मांडवाच्या बाहेर, उन्हात उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा तांबडा फेटा. त्याच्याभोवती लोकांनी नकळत मोकळी जागा सोडलेली. खड्ड्याभोवती सोडतात तेवढी. त्यानं तिला हाक मारली नाही. खाणाखुणा केल्या नाहीत. नुसता उभा होता.

शेवटच्या आत्याची मिठी सोडवून जमनी वळली आणि त्याच्या दिशेनं चालू लागली.

“जमने,” नायक म्हणाला, “तिकडं कोणी नाही.”

पोरगी थांबली. सोळा वर्षांची असेल. तिनं मागं वळून अगदी शांतपणे सांगितलं, “मले माहीत आहे, नायक. तिथं कोणीच नाही. पण माहा बापू मेला तवा मी लहान होती. मले कोणी रडू नाही देलं. माहं रडणं राह्यलं आहे. ते घेऊन मी सासरी कशी जाऊ?”

मेलेल्या बापासाठी रडू नको असं सांगायची रीत कोणत्याच तांड्यात नाही. नवऱ्याकडच्या एका म्हातारीनं मान हलवली, रडू द्या म्हणाली. आणि जमनी गेली आणि त्याच्या गळ्यात पडली.

ती सासरी निघालेल्या लेकीचं रडणं रडली नाही. ती मयताचं रडली. बापू, तू कुठं गेलास. दारव्ह्याच्या बाजारातून मला ओढणी आणतो म्हणालास, वाटेत तुला कोणी अडवलं. तुझ्या भाकरीवर मुंग्या आल्या, बापू. तुझा फेटा मी जळताना पाहिला. त्याचा फेटा तिच्या गालाला लागत होता, त्याचा श्वास तिच्या केसांवर पडत असणार, आणि ती त्याला विचारत होती, तू कुठं आहेस. माझ्या भोंग्यानं तो आवाज उचलला आणि नाल्यापलीकडच्या शेतांवर टाकला. इतकी वर्षं मी भोंगा लावतो आहे, पण अंगावर काटा आला तो त्याच दिवशी.

सगळा तांडा, नायक, नवऱ्याकडची माणसं, सगळ्यांचे डोळे आता सेवादासच्या दोन हातांवर होते. मला ते उशिरा कळलं. रीत अशी की लेक गळ्यात पडली की बाप तिच्या पाठीवरून हात फिरवतो. त्यानं हात उचलला की तो जिवंत. तो जिवंत तर जमनीनं तांड्यानं बाहेर टाकलेल्या माणसाला मिठी मारली. मग तीही मेली, आणि गाड्या तिला न घेताच निघाल्या. सेवादासची बोटं उघडत होती आणि मिटत होती. उभ्या जन्मात ज्यानं कोणाचा हुकूम ऐकला नाही, त्याला त्या घडीला कोणी काही हुकूम केला नव्हता. मी मनात ओरडत होतो, उचल रे हात, तुझी लेक आहे. आणि लगेच, नको उचलू.

त्यानं हात उचलला नाही. तो बोललाही नाही. डोळेसुद्धा त्यानं समोर, कोणीच नसलेल्या ठिकाणी लावले, जसे ती लहानपणी लावायची.

जमनीचं रडणं संपलं. ती मागं सरली, ओढणी पुढे ओढली आणि गाडीत जाऊन बसली. गाड्या निघाल्या. धनीबाई थोडी मागून चालत गेली आणि परत आली. लोक घराघरांत पांगले, कुत्री उष्ट्यावर गेली, आणि मांडवात मी आणि बाहेर तो, एवढेच राहिलो.

मी त्याच्याजवळ गेलो. सदऱ्याचा खांदा ओला होता. “सेवाभाऊ,” मी म्हणालो, “चल, दारव्ह्याला चल माझ्यासोबत. इथं नको राहूस.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, तेच मला सहन होईना. काही कायमचं मिटल्यासारखा तो निवांत दिसत होता.

“गुलामभाई,” तो म्हणाला, “आता तू बी मले हाक मारू नको. माही पोट्टी मनापासून रडून गेली. मी जित्ता दिसलो तं तिचं रडणं खोटं पडन.”

“हे तुला कोणी सांगितलं?” मी ओरडलो. “कोणाचा हुकूम आहे हा?”

“कोणाचाच नाही,” सेवादास म्हणाला. “म्हणून तं ऐकून राह्यलो.”

तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. मला हो म्हणायचं होतं, पण हो म्हणायचं म्हटलं तरी त्याच्याशीच बोलावं लागलं असतं. मी खाली वाकलो आणि वायर गुंडाळायला घेतली.